स्पीकरचे पाय निवडताना: आधी वजन, आटे आणि फरशी

बेळगावच्या एका वाचकाचं पत्र: "टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर १२ बाय १४ फुटांची खोली आहे, स्लॅबवर व्हिट्रिफाइड फरशी. चांगल्यापैकी फ्लोअरस्टँडिंग स्पीकर घेतलेत, एकेक २८ किलोचा. कंपनीचे स्पाइक (टोकदार धातूचे पाय) लावलेत, पण डावा स्पीकर हात लावला की हलायलाय. बास घुमतोय. खालच्या मजल्यावर आई म्हणते, छातीत धडधडल्यागत होतंय. डीलर म्हणतोय, आयसोलेशनचे (कंपन अडवणारे) पाय, नवे जंपर (टर्मिनल जोडणाऱ्या पट्ट्या) आणि नवी केबल घेतली की सगळं सुटतंय. खर्च ८० हजार सांगायलाय. शिवाय वर्षभरात हे सगळं खानापूरच्या जुन्या घरी माडीवर न्यायचंय, तिथं तक्तपोशी आहे. कुठले पाय घेऊ?"

सप्रेम नमस्कार. स्पीकर हलतो, बास घुमतो आणि खाली धडधडतं, या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. महागडे पाय त्यांतल्या एकाच तक्रारीवर काही काम करतात, तेही अर्धंमुर्धं. म्हणून डीलरला होकार कळवण्याआधी एका रविवारी घरातच काही मोजमापं करून घ्या.

आधी हलण्याचं बघू, कारण ते फुकटात सुटतं. चुलीचे तीन दगड कधी डुगडुगत नाहीत, चौथा आला की कुरकुर सुरू होते; चार स्पाइकचंही तेच आहे. फरशीत एखाद्या मिलिमीटरचा चढउतार असला तरी एक पाय अधांतरी राहतो. स्पीकरच्या डोक्यावर दोन्ही दिशांनी लेव्हल ठेवा. कर्णावरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबा, म्हणजे मोकळा पाय कुठला ते कळेल. तो टेकेपर्यंत आटे सोडून खाली आणा. मग प्रत्येक पायाचा चेकनट, म्हणजे स्पाइक घट्ट धरणारी चाकी, हाताने बसवा आणि पान्याने फक्त पाव वळसा द्या. एम८ म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या आट्याला १३ नंबरचा पाना लागतो, एम६ ला १० चा. चेकनट सैल असेल तर स्पाइक आपल्या आट्यातच खुळखुळतो आणि दोष फरशीच्या माथी जातो. टेकवताना त्या जागची फरशी नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर स्पीकर चार इंच सरकवा. पोकळ फरशी बासबरोबर स्वतः वाजते, आणि टोकदार स्पाइक तिच्यावर आपटला तर तडकतेही. एका पायावर ७ किलो येतात आणि टोक १ मिलिमीटरचं असतं. नुसतं उभं राहून काही होत नाही, पण वर उचलून धाडकन ठेवलं तर फरशीचा टवका उडतो. स्पाइकखाली पितळी वाट्या हव्यातच.

आता घुमण्याकडे या. तुमची खोली १४ फूट लांब, म्हणजे ४.२७ मीटर. या लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे खोली आपणहून घुमते तो सूर, ४० हर्ट्झच्या आसपास पडतो, १२ फुटांचा ४७ वर, आणि छत १० फुटांवर असेल तर त्याचा ५६ वर. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, म्हणजे बरोबर पहिल्या अनुनादावर बसते. तानपुऱ्याची खर्जाची तार, काळी एकचा पुरुषी सा धरला तर, ६९ च्या जवळ येते. तिथे या तिन्हींपैकी एकही अनुनाद पडत नाही. म्हणून ख्यालाची मैफल ठीक वाजते आणि सिनेमाची गाणी घुमतात असं होत असेल, तर दोष खोलीचा आहे. पायांचा त्याच्याशी संबंध नाही. खात्रीसाठी फोनवर टोन जनरेटरचं फुकट ॲप घ्या आणि ३० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरका. आवाज बेताचा ठेवा, कारण सलग टोनने व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) तापते. जिथे घुमतं तो आकडा लिहा, टोन तसाच ठेवून खुर्ची दोन फूट पुढे-मागे करा. घुमणं बदललं तर ते खोलीचं.

यावरचे उपाय स्वस्त आहेत, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही. स्पीकरची मागची बाजू भिंतीपासून निदान २ फूट पुढे आणा. खुर्ची १४ फुटांच्या नेमक्या मध्यावर किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको. मागच्या भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर बसून बघा. स्पीकरला मागे किंवा पुढे पोर्ट (बासची हवा बाहेर पडायचं भोक) असेल तर त्यात फोमचा बुच्चा बसवा. काही कंपन्या तो खोक्यातच देतात, नसेल तर चाचणीपुरता गुंडाळलेला पायमोजा चालतो. बास थोडा कमी होईल, पण वळणदार होईल. ॲम्प्लिफायरमध्ये इक्वलायझर असेल तर घुमणाऱ्या आकड्यावर ४ ते ६ डेसिबल खाली काढा. एवढं करूनही मन भरलं नाही, तर मग पायांवर बोलू.

खालच्या मजल्यावरची धडधड दोन वाटांनी जाते: काही हवेतून, जिन्याने आणि खिडकीने, आणि काही स्लॅबच्या अंगातून. पाय फक्त दुसऱ्या वाटेवर काम करतात. किती, ते खर्च करण्याआधी मोजता येतं. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने काढलेलं फिफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे; त्यात फोनच्या ॲक्सिलरोमीटरचे आकडे आणि त्यांचा वर्णपट दिसतो. फोन स्पीकरपासून एक फुटावर थेट फरशीवर ठेवा, ४० हर्ट्झचा टोन लावा, आकडा लिहून घ्या. मग स्पीकरखाली तात्पुरत्या मऊ गाद्या सारून तेच करा, एक माणूस जवळ उभा ठेवून, कारण तो डोलेल. फरशीची थरथर खूप घटली आणि तरी आईंना खाली तेवढंच जाणवत असेल, तर आवाज हवेतून जातोय. जगातला कुठलाही पाय तो अडवणार नाही. तेव्हा रात्री नवानंतर इक्वलायझरने ६० च्या खालचं कापणं हाच उपाय.

थरथर खरंच फरशीतून जाते असं दिसलं, तर पाय निवडताना एकच गणित लक्षात ठेवा. पाय स्पीकरच्या वजनाखाली किती मिलिमीटर दबतो ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १६ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे त्या स्पीकर-पाय जोडीची नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये. १ मिलिमीटर दबला तर १६, ४ मिलिमीटर दबला तर ८. या आकड्याच्या १.४ पटीच्या वरच पाय कंपन अडवायला लागतो. त्याच्या खाली अडवत नाही, उलट वाढवतो. बाजारात दोनशे रुपयांत मिळणाऱ्या वॉशिंग मशीनच्या कडक रबरी चकत्यांचं इथेच फसतं. ७ किलोखाली त्या जेमतेम पाव मिलिमीटर दबतात, म्हणजे वारंवारता ३२. तुमची अडचण ४० हर्ट्झवर आहे. तिथे असा पाय, रबराचं डॅम्पिंग (कंपन जिरवणं) सोडून दिलं तर, कंपन पावणेदोन पट करून खाली पाठवतो. शिवाय रबर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा ताठ वागतं, तेव्हा खरा आकडा कागदावरच्यापेक्षा वरच निघतो. व्हर्नियरने आधीची आणि नंतरची उंची मोजा, हिशोब समोर येईल.

डीलर दुसरा मुद्दा काढेल: स्पीकर मऊ पायांवर ठेवला की कॅबिनेट मागे-पुढे होऊन बास सैल होतो. वूफरचा, म्हणजे बासच्या मोठ्या शंकूचा, हलणारा भाग साधारण २५ ग्रॅमचा, कॅबिनेट २८ किलोचं. हे प्रमाण हजाराच्या पुढे आहे. शंकू ५ मिलिमीटर गेला तर कॅबिनेट मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकंही मागे येत नाही. मऊ पायांचा खरा धोका आवाजात नाही, डोलण्यात आहे. तुमच्या स्पीकरची रुंदी सुमारे २२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर धरला तर तो १२ अंशांना कलंडतो. पाय दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर बाहेर काढले की १७-१८ अंश मिळतात. घरात धावणारी मुलं असतील तर पायांआधी हे बाहेर येणारे आउटरिगर करून घ्या.

तयार पायांपैकी आयसोअकूस्टिक्स कंपनीची गाया मालिका सगळ्यांत जास्त दिसते आणि तिच्या वजनमर्यादा स्पष्ट आहेत, चार पायांच्या एका संचाला: गाया ३ ला ३२ किलो, गाया २ ला ५४, गाया १ ला १००. तुमचा २८ किलोचा स्पीकर गाया ३ मध्ये बसतो, पण आउटरिगरचं वजनही त्यात मोजा. स्पीकरच्या वजनाच्या मानाने फार मोठ्या मर्यादेचा संच घेतला तर 'भक्कम' वाटेल, पण दबणार नाही आणि काम करणार नाही. इथे मोठा म्हणजे चांगला असं नसतं. कॅटलॉगमधल्या वजनावर विसंबू नका. वजनकाट्यावर पुढच्या दोन पायांखाली पट्टी ठेवा, मागचे दोन तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. मग उलट करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे पूर्ण वजन. चुंबकांमुळे पुढचा भार बहुधा जास्त निघतो. फरक मोठा असेल तर स्प्रिंगचे किंवा जेलचे पाय पुढे जास्त दबतात आणि स्पीकर नमस्कार घातल्यासारखा झुकतो. पुढे-मागे ३ मिलिमीटरच्या फरकाने अडीच मीटरवर ट्वीटरची, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या लहान भागाची, दिशा इंचभर खाली जाते. सॉर्बोथेनच्या (रबरासारख्या मऊ पदार्थाच्या) अर्धगोलांना तर भारानुसार कडकपणा निवडावाच लागतो: उंचीच्या १० ते २० टक्के दबले पाहिजेत. त्याखाली चपटा दगड किंवा धातूची चकती ठेवा, पॉलिशच्या लाकडावर ते तेलकट डाग सोडतात. आणि स्पीकरचा पोर्ट किंवा वूफर खालच्या तोंडाचा असेल तर उंची बदलू नका. ती फट कंपनीने मोजून ठेवलेली असते.

आता आटे. पाय परत पाठवावे लागतात ते बहुतेक इथे चुकल्यामुळे. स्पीकरच्या तळात बहुधा चारांपैकी एक माप असतं: एम६, एम८, पाव इंची म्हणजे आपला दोन सुती, किंवा अडीच सुती. कंपनीचा एक स्पाइक सोडवा आणि व्हर्नियर लावा. ६ मिलिमीटरच्या किंचित खाली भरला आणि १० मिलिमीटरमध्ये १० आटे मोजले तर एम६. सव्वासहाच्या आसपास आणि १० मिलिमीटरमध्ये ८ आटे तर दोन सुती. एम८ आणि अडीच सुती यांची जाडी जवळपास एकच, त्यामुळे व्हर्नियर फसवतो. २० मिलिमीटरमध्ये आटे मोजा, १६ आले तर एम८, १४ आले तर अडीच सुती. चुकीचा एम८ बोल्ट अडीच सुतीत दोन-तीन वळसे अगदी गुमान जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या फळीतला पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) फिरतो आणि बाहेर येतो. एम६ पाव इंचीत ढिला बसतो आणि हलतो. गायाच्या खोक्यात एम६, एम८ आणि पाव इंची बोल्ट येतात. अडीच सुती निघाला तर ॲडॉप्टर करून घ्यावा लागेल.

याबाबतीत बेळगावात राहणं हा फायदाच आहे. उद्यमबागेतल्या कुठल्याही बऱ्या लेथवाल्याकडे नमुन्याचा स्पाइक घेऊन जा. तोंडी माप सांगू नका, नमुनाच द्या. एका टोकाला अडीच सुती १८ आट्यांचा, दुसऱ्या टोकाला एम८ गुणिले १.२५ आणि मध्ये पाना धरायला षटकोन, धातू एसएस ३०४. आठ लागतात, दहा करून घ्या. एखाद्याचे आटे हमखास खराब निघतात. आट्यांची लांबी ठरवायला इन्सर्टच्या छिद्रात बारीक तार घालून खोली मोजा आणि तिच्यापेक्षा ३ मिलिमीटर कमी ठेवा. लांब बोल्ट तळाला टेकला की इन्सर्ट आत ढकलला जातो, कॅबिनेटला भोक पडतं आणि बास वाजताना तिथून फुसफुस येते.

आउटरिगरही तिथेच होतील. ५० बाय ८ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, स्पीकरच्या रुंदीपेक्षा १०० मिलिमीटर लांब, एका स्पीकरला दोन: एक पुढे आडवी, एक मागे. तुमच्या २२ सेंटिमीटर रुंदीला ३२ सेंटिमीटरची पट्टी येते, वजन एकीचं १ किलो. म्हणजे स्पीकर ३० किलो झाला, गाया ३ च्या आत. कंपनीच्या इन्सर्टच्या जागी ८.५ मिलिमीटरची छिद्रं (एम८ असेल तर), वर काउंटरसंक स्क्रू. टोकांना पायांसाठी एम८ चे टॅप. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये १ मिलिमीटरची कॉर्क-रबराची शीट, पावडर कोटिंग काळं. तळात नवीन भोकं पाडून लाकडी स्क्रू मारायची सूचना कुणी केली तर ऐकू नका. वॉरंटीही जाते आणि भुसा क्रॉसओव्हरवर (बास आणि उंच सूर वेगळे करणाऱ्या सर्किटवर) पडतो.

बसवायला दोन माणसं हवीत. आधी स्पीकरच्या जागा आणि कोन फरशीवर मास्किंग टेपने आखा, नाहीतर नंतर फरक पायांचा की जागेचा ते कळणार नाही. घोंगड्यावर स्पीकर पाठीवर निजवा, पाय हाताने लावा, दोघांनी उचलून उभा करा. पायांवर तिरका करून ओढत नेणं हा इन्सर्ट उपटायचा खात्रीचा मार्ग. गायाच्या पायावरचं चिन्ह ऐकणाऱ्याकडे किंवा बरोबर उलट मागे राहिलं पाहिजे, आडवं नको. ते पाय दिशेप्रमाणे वागतात. रबर-जेल प्रकाराला बसायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी लेव्हल पुन्हा बघा. इन्सर्ट आधीच सैल असेल तर संथ वाळणारं अराल्डाइट बाहेरच्या अंगाला लावून बसवा, आट्यांत जाऊ देऊ नका, आणि २४ तास भार देऊ नका.

खानापूरच्या माडीचा विचार आत्ताच करा, कारण तिथे गणित पालटतं. स्लॅबवर स्पाइक आणि आयसोलेशन यांतला फरक ऐकणाऱ्याला थोडाच जाणवतो. कडीपाटावरच्या तक्तपोशीवर तो उघड दिसतो. स्पाइक लाकडी फळीला थेट धरतो आणि सगळी तक्तपोशी बासबरोबर बोलू लागते. तेव्हा पाय घ्यायचेच असतील तर ते खानापूरसाठी घ्या, टिळकवाडीसाठी घाई नको. तिथे उलटी अडचणही आहे: फार मऊ स्प्रिंगचे, ४-५ हर्ट्झचे पाय माणूस चालला की डोलतात. गायासारखे मध्यम पाय तिथे बरे. स्पीकर खोलीच्या मध्यावर नको. भिंतीत तुळई जिथे शिरते त्या टोकाजवळ आणि कडीच्या बरोबर वर ठेवा. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला निरनिराळ्या जागी ठेवून कुणाला तरी चालायला सांगा, पाणी सर्वांत कमी हलतं तिथे स्पीकर. फळ्यांचा चढउतार टाळायला ग्रॅनाइटचा ४० बाय ५० सेंटिमीटरचा, २० मिलिमीटर जाड तुकडा घ्या, कोपरे घासलेले. दुकानात कटपीस म्हणून पडलेला असतो, वजन ११ किलोच्या आसपास. खाली पातळ फेल्ट, वर पाय. दोन्ही मिळून ८० किलोच्या पुढे जातंय, म्हणून आधी सुताराकडून कड्या तपासून घ्या. वाळवी लागलेली कडी टोचणीने लगेच समजते. त्या पट्ट्यातला पावसाळा एमडीएफला मानवत नाही. तळाचा न रंगवलेला भाग ओल्या फडक्यापासून लांब हवा, स्पीकर पुसलेल्या जमिनीपासून इंचभर तरी वर राहू दे, आणि साधे लोखंडी स्पाइक वापरू नका. एका पावसात गंजाचे डाग पडतात.

केबल आणि जंपरबद्दल थोडक्यात. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ४ मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध ०.०६ ओहमच्या आत राहतो, ४ ओहमच्या स्पीकरला तो दीड टक्का. यापुढे पैसे घालून ऐकू येईल असं काही मिळत नाही. स्पीकरला दोन जोड्या टर्मिनल असतील आणि पितळी पट्ट्यांचा राग येत असेल, तर त्याच वायरचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे लावा, झाले जंपर. ड्रायव्हरचे (वूफर-ट्वीटरचे) स्क्रू वर्षभरानंतर हाताच्या पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने, हलकेच आवळून बघा. बॅटरीचं ड्रिल लावाल तर एमडीएफमधले आटे जातील. क्रॉसओव्हरला वॉरंटीत हात नको.

पाय घेताना परत करता येतील अशाच ठिकाणी घ्या, आणि तुलना करताना आवाजाची पातळी ॲम्प्लिफायरच्या आकड्यावर तीच ठेवा, कारण एका डेसिबलने मोठं वाजलेलं कुणालाही सुधारलेलंच वाटतं. कंपनीचे मूळ स्पाइक, वाट्या आणि चेकनट मोजून पिशवीत घालून खोक्यात ठेवा. दुरुस्तीला पाठवताना किंवा विकताना ते मागितले जातात.